धाकटीचे दात आणि देवाची फुले

शाळेच्या सहलीची बस घाटाला लागली की एखादे मूल हमखास पिवळे पडते. दोन हजार सालानंतर मी अशा पुष्कळ सहली नेल्या. प्रत्येक सहलीत दाराजवळचे पहिले आसन माझे असे, कारण जुनी वर्तमानपत्रे, पाण्याची बाटली आणि खाण्याच्या सोड्याची पुडी माझ्या झोळीत असे. मुलाची उलटी होऊन गेली की मी त्याला पेलाभर पाण्यात चिमूटभर सोडा विरघळवून देई. ते पाणी तोंडात घोळवायचे, दोन्ही गालांतून फिरवायचे आणि थुंकून टाकायचे. मुक्कामी पोहोचल्यावर एखादी सहकारी शिक्षिका मायेने त्या मुलाच्या हाती ब्रश द्यायला निघाली, की मी तिला अडवत असे.

"अर्धा तास तरी जाऊ द्या, बाई."

"अहो, तोंडाला वास येतोय त्याच्या!"

"वासाने दात झिजत नाहीत. आत्ता घासले तर झिजतील."

शिक्षक-खोलीत यावरून माझी भरपूर थट्टा झाली. बाईंच्या झोळीत खडू कमी आणि सोडा जास्त, असे म्हटले जाई. मी विज्ञान शिकवते म्हणून मला हे ठाऊक असणार, असाही समज होता. वस्तुतः अनेक वर्षे विज्ञान शिकवूनही मला ते ठाऊक नव्हते. आम्ल आणि अल्कली यांचा धडा मी तोंडपाठ शिकवत असे; परंतु ते आम्ल माणसाच्या जठरातून वर येऊन दातांवर बसते, हा विचार कधी मनाला शिवला नव्हता. तो शिवला नव्वदच्या दशकाच्या मध्याला, आमच्या घरातल्या हारांच्या चटईपाशी.

आमचे सासरचे घर मखमलाबादच्या बाजूला. शेतात भाजीपाला आणि फुले: झेंडू, शेवंती, अष्टर, थोडा गुलाब. माझे यजमान अंबडच्या कारखान्यात नोकरीला, मी शाळेत. त्यामुळे शेती धाकट्या दिरांकडे आणि फुलांचे राज्य सासूबाईंकडे. फुले तोडून आणली की पडवीत चटई अंथरली जाई, मधोमध ओल्या गोणपाटावर फुलांचा ढीग, आणि भोवती बायका सुई-दोरा घेऊन बसत. यातले निम्मे हार बाजारात जात आणि निम्मे ठरलेल्या देवळांत.

या चटईचे नियम सासूबाईंनी कधी सांगितले नाहीत. ते पाहून शिकायचे. चटईवर खायचे नाही. फूल हुंगायचे नाही. दोरा कितीही चिवट असला तरी दाताने तोडायचा नाही, कारण मग हार उष्टा होतो. आणि ज्याचे तोंड खरकटे, त्याने दात घासून, तोंड स्वच्छ करूनच बसायचे. पडवीच्या खांबाला पत्र्याचा एक डबा टांगलेला असे. त्यात सासूबाईंनी घरी केलेले काळे मंजन असे: बदामाच्या टरफलांचा कोळसा, मीठ, तुरटी आणि लवंग, सगळे पाट्यावर वाटलेले. त्यांचे वाटणे जोरकस होते, पण बारीक नव्हते. मंजन बोटावर घेतले की वाळूसारखे लागे.

माझी धाकटी जाऊ पिंपळगाव बसवंतची. माहेरी द्राक्षांची बाग. लग्न होऊन आली तेव्हा हार कसा ओवतात हे तिला माहीत नव्हते. तिने फक्त पेटीत द्राक्षांचे घड लावलेले. पहिल्या आठवड्यात तिच्या हाराकडे पाहून सासूबाई म्हणाल्या, "हा हार हाय का मुंडावळी?" वर्षभरात मात्र तीच पोरगी चटईवरची सर्वांत चपळ बाई झाली. सुई न पाहता ओवायची, तोंडाने अखंड बडबड चालू आणि हाराला कुठे गाठ नाही. सासूबाईंनी तिच्यासमोर स्तुती कधी केली नाही. माझ्यासमोर केली. "हिचा हात देवाला आवडतो," असे त्या म्हणाल्या, आणि येत्या दसऱ्याला ग्रामदेवीच्या देवळाचे मोठे तोरण धाकटीने ओवायचे असे त्यांनी ठरवून टाकले. ते तोरण तोवर फक्त त्या स्वतः ओवत. मी थोरली सून असूनही मला हे कधी मिळाले नव्हते, आणि माझ्या हातचे हार पाहिलेल्या कोणालाही याचे आश्चर्य वाटले नसते.

त्याच आषाढात धाकटीला दिवस गेले आणि उलट्या सुरू झाल्या.

कोणाला सकाळी मळमळते, कोणाला संध्याकाळी. हिला केव्हाही. फोडणीच्या वासाने, उदबत्तीच्या वासाने, दिरांच्या स्कूटरच्या धुराने, आणि एकदा तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेतल्या जिलबीच्या चित्राने. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. पाणीही पोटात टिकेना तेव्हा एकदा दवाखान्यात नेऊन सलाइन लावून आणले. पण एवढे होऊनही ती चटई सोडेना. उलटी झाली की उठायची, मोरीवर जायची, डब्यातले मंजन घेऊन दात खसाखसा घासायची, मळमळ बसावी म्हणून सासूबाईंनी मीठ लावून ठेवलेली लिंबाची फोड चोखायची, चूळ भरायची आणि परत येऊन सुई हातात घ्यायची.

"अगं, जरा पड की," मी म्हणायची.

"पडले तर आणखी मळमळतं, ताई. फुलं बघून बरं वाटतं."

"आणि मंजन?"

"ते लावलंच पाहिजे. देवाची फुलं हायेत."

मला हे कौतुकास्पद वाटले. स्वच्छतेचा धडा शिकवणाऱ्या बाईला दुसरे काय वाटणार? इतक्या आजारपणातही दात घासते, मुलांना उदाहरण सांगावे असे मनात आले.

श्रावण संपत आला तेव्हा एका दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "ताई, कैरी खाल्ल्यावर दात आंबतात ना, तसे माझे आंबलेत. पण रोजच. पाणी पिलं तरी कळ येते."

"लिंबामुळे असेल."

"दोन दिवस लिंबू चोखलं नाही. तरी." मग तिने ओठ वर करून मला दात दाखवले. पुढच्या दोन दातांच्या कडा काचेसारख्या झाल्या होत्या, पातळ, किंचित निळसर. शेजारच्या दातांची चकाकी गेली होती. "माझ्या आईचे दात पस्तिशीत गेले," ती म्हणाली. "मी अजून पंचविशीची नाय. मूल चालायला लागेल तेव्हा त्याची आई बोळकी असायची का?"

ती हसत बोलत होती, पण डोळे हसत नव्हते. मी दुसऱ्याच दिवशी शाळेतून परस्पर कॉलेज रोडवरच्या एका दंतवैद्य बाईंची वेळ घेतली. धाकटीला स्कूटरवर दिरांनी आणले. वाटेत दोनदा थांबून.

दंतवैद्य बाई तरुण होत्या आणि भिंगाचा दिवा कपाळावर लावून फार शांतपणे पाहत होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "उलटी झाल्यावर काय करता?"

"लगेच दात घासते," धाकटी अभिमानाने म्हणाली.

"लगेच?"

"लगेच. मंजनानं. एकदा पण चुकवलं नाही."

डॉक्टरांनी दिवा बंद केला आणि खुर्ची आमच्याकडे वळवली. पुढे त्यांनी जे सांगितले ते मी आजतागायत त्याच क्रमाने सांगत आले आहे, कारण तो क्रम उत्तम होता. दाताच्या बाहेर एक कठीण कवच असते. त्याला एनॅमल म्हणतात. शरीरात त्याच्याइतके कठीण दुसरे काही नाही, परंतु आम्लापुढे ते हरते. उलटीबरोबर जठरातले आम्ल तोंडात येते आणि त्या कवचाचा वरचा पापुद्रा काही काळ मऊ पडतो. आपण काही केले नाही तर लाळ ते आम्ल हळूहळू धुऊन काढते आणि पापुद्रा पुन्हा घट्ट होऊ लागतो. परंतु तो मऊ असतानाच त्यावर खरखरीत मंजन घासले, तर तो घट्ट होण्याऐवजी निघूनच जातो. आणि गेलेले एनॅमल परत येत नाही.

"म्हणजे उलटीने थोडं गेलं आणि मंजनाने जास्त," मी म्हणाले.

"आणि वरून लिंबू," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणजे आम्लावर आणखी आम्ल."

दीर दाराशी उभे होते. ते म्हणाले, "आमच्या आईनं औषध म्हणून जे जे दिलं, ते सगळं ह्या यादीत निघालं."

उपाय साधा होता. उलटी झाली की साध्या पाण्याने, आणि शक्य तर चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने, खळखळून चूळ भरायची. सोडा आम्लाला मारतो. ब्रश अर्धा तास तरी नाही, तासभर थांबलात तर उत्तम. तोंडाची चव फारच बिघडली असेल तर बोटावर थोडी टूथपेस्ट घेऊन दातांवर नुसती फिरवायची, घासायची नाही. मंजन बंद. ब्रश मऊ आणि पेस्ट फ्लोराइडची. लिंबाची फोड चोखणे बंद.

"झालेली झीज भरून येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण आजपासून हे पाळलं तर पुढची थांबेल. कळाही कमी होतील."

धाकटीने सगळे नीट ऐकले आणि मग अगदी गंभीरपणे विचारले, "पण डॉक्टर, मग फुलांना हात कसा लावायचा?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला कळला होता, आणि कॉलेज रोडपासून घरापर्यंत मला दुसरे काही सुचले नाही. दात वाचवायचे तर घासायचे नाही, आणि घासले नाही तर चटईवर बसायचे नाही. बसली नाही तर दसऱ्याचे तोरण गेले.

घरी आल्यावर मी सासूबाईंना समजावण्याचे काम हाती घेतले. वर्गात शिकवतो तसेच शिकवावे, प्रयोगासकट, असे मी ठरवले. आमच्या स्वयंपाकघरात त्याच वर्षी कडप्प्याचा नवा ओटा बसवला होता, काळाभोर, आरशासारखा. मी लिंबाचे दोन थेंब ओट्याच्या कोपऱ्यात शेजारी शेजारी टाकले. एका थेंबावर थोड्या वेळाने चिमूटभर मंजन टाकून बोटाने घासले. दुसऱ्यावर लगेच सोड्याचे पाणी ओतले. तो फसफसला आणि मी पाणी पुसून घेतले. मग ओटा कोरडा केला. दुसऱ्या थेंबाची जागा शोधावी लागत होती. पहिल्याच्या जागी रुपयाएवढा पांढरट, खडबडीत डाग उठून दिसत होता.

"पाहिलंत ना, आई? लिंबाने दगडाचा वरचा थर मऊ केला. मंजनाने तो खरवडून काढला. दाताचं हेच होतंय."

सासूबाईंनी त्या डागावरून बोट फिरवले. पुन्हा फिरवले. मग म्हणाल्या, "नवा ओटा, मास्तरीणबाई. शिकवायचं होतं तर जुन्या फरशीवर शिकवायचं!"

दीर मागून म्हणाले, "आई, लिंबू सांडलं की ते फरशी खातं, हे तूच सांगायचीस ना आम्हाला?"

"सांगायची. पण फरशी तोंडात असते हे मला काय माहीत?" त्यांनी पदराने तो डाग पुसून पाहिला, तो गेला नाही. मग आवाज उतरला. "पोरीच्या दाताचं असं होतंय व्हय? मग बंद करा ते मंजन. लिंबू पण नको." एवढे बोलून त्यांनी खांबाचा डबा स्वतः खाली काढला. मी विजयी मुद्रेने धाकटीकडे पाहिले.

"पण मग चटईवर नाय बसायचं," सासूबाई पुढे म्हणाल्या. "दाताचं मला पटलं. देवाचं कसं पटवणार? उलटी झालेलं तोंड तसंच घेऊन देवाच्या फुलांना हात नाय लावायचा. सोड्यानं भजी फुगतात, तोंड शुद्ध होत नाय."

यावर माझ्याकडे प्रयोग नव्हता.

धाकटी रडली नाही. दुसऱ्या दिवशी ती पडवीच्या उंबऱ्यावर येऊन बसली, चटईपासून हातभर दूर, मांडीवर रिकामे हात, आणि तिथून तिने सगळ्यांचे हार तपासायला सुरुवात केली.

"ताई, तुमचा शेवंतीचा हार एका बाजूला कलतोय."

"कलू दे."

"आई, तुम्ही दोन पिवळी लागोपाठ घातली."

"गप बैस. मी तुझ्या जन्माआधीपासून ओवतेय."

"म्हणून तर म्हटलं, आता चष्मा लावा."

सासूबाईंनी रागाने दोन पिवळ्यांमधले एक फूल काढले आणि तिथे केशरी घातले. पण तिच्याविना चटई मंदावली, हे आम्हा सर्वांना दिसत होते. मी तर शाळेतून दमून येई आणि माझे हार तसेही कलतच. गणपती तोंडावर आले होते. उंबऱ्यावर बसलेल्या धाकटीला उलटी झाली की ती उठून सोड्याच्या पाण्याने चुळा भरी आणि परत येऊन त्याच जागी बसे. दातांच्या कळा हळूहळू कमी होत होत्या, हे ती मला कानात सांगे. "पण हात नुसते बसून शिवशिवतात, ताई. दातांपेक्षा हातच जास्त दुखायला लागले."

हरतालिकेचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी गणपती, म्हणजे वर्षातला एक मोठा बाजार. सासूबाईंचा निर्जळी उपास होता, माझा फराळाचा. धाकटीला सासूबाईंनीच बजावले होते, "तू उपास करायचा नाय. पोटातलं करंल तुझ्या वाटचा." मी सकाळची शाळा करून आले तेव्हा झेंडूचा ढीग कमरेएवढा होता आणि चटईवर सासूबाई एकट्याच बसल्या होत्या. पहाटे उठून वाळूची महादेवाची पिंड मांडून, पूजा आटोपून त्या बसल्या होत्या. चेहरा सुकलेला, पण सुई चालू.

धाकटी उंबऱ्यावर होतीच. ती बराच वेळ सासूबाईंकडे पाहत राहिली आणि मग, अगदी सहज, काळजीच्या सुरात तिने विचारले, "आई, निर्जळी हाय तर आज मंजन कसं लावलंत हो? तोंडात पाणी घेता येतं?"

"उपासाला मंजन लावत नसतात, एवढं पण माहेरी शिकवलं नाय?" सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "एकादशीला नाय, हरतालिकेला नाय, श्राद्धाला नाय. दाताला काडी लावायची नाय त्या दिवशी. नुसत्या चुळा भरायच्या, भरपूर. झालं तोंड शुद्ध."

सुई फुलाच्या पोटात अर्धी शिरली होती. ती तिथेच थांबली.

मी हसू दाबण्यासाठी ढिगातले फूल उचलले आणि नियम विसरून हुंगलेसुद्धा. धाकटी मात्र हसली नाही. ती फक्त सासूबाईंच्या हातातल्या हाराकडे पाहत होती. तो उद्याच्या देवासाठी होता, आणि ओवणाऱ्या बाईने आज दात घासलेले नव्हते.

सासूबाईंनी हार मांडीवर ठेवला. त्या बाहेर अंगणातल्या पिंडीकडे पाहत होत्या. घशाला कोरड पडलेल्या माणसाला किती विचार करता येतो मला माहीत नाही, पण त्यांनी पुरेपूर केला. मग त्या म्हणाल्या, "भरपूर चुळा भरायच्या. एक-दोन नाय."

"हो आई."

"अन् तुझ्या डॉक्टरणीचा सोडा घालून. साध्या पाण्यानं मला खात्री वाटायची नाय."

"हो आई!"

"अन् त्याच्यात तुळशीचं पान टाक. तिला नाय सुचलं, मला सुचलं." एवढे झाल्यावर त्यांनी चटईवरची आपली सुपली जरा बाजूला सरकवली आणि जागा केली. "जा लवकर. उद्या गणपती काय उंबऱ्यावर बसून येणार हाय?"

धाकटी उठली ती जवळजवळ पळतच. "अगं हळू!" आम्ही दोघी एकदम ओरडलो. मोरीवरून तिच्या चुळा भरण्याचा आवाज इतका वेळ येत राहिला की दीर शेतातून येऊन विचारू लागले, कोणी पाण्याची मोटर चालू केली का.

त्या दिवसापासून खांबाला मंजनाच्या डब्याऐवजी सोड्याची बाटली टांगली गेली आणि खाली एक तांब्या आला. ती सासूबाईंची व्यवस्था होती आणि तिची शिस्तही त्यांचीच. धाकटीची उलटी झाली की त्या चटईवरून ओरडत, "गाल फुगव! मागच्या दाढांना लागू दे! गिळू नको!" मी वर्गात कधी इतक्या नेमक्या सूचना दिल्या नसतील. आणि ती चुकून ब्रशकडे वळली तर, "अर्धा तास झाला का? बस आधी. एक हार होऊ दे, मग घास." अर्धा तास मोजण्याचे माप त्यांनी आपल्यापुरते ठरवले होते: झेंडूचा एक मोठा हार, सावकाश ओवलेला.

दसऱ्यापर्यंत उलट्या पुष्कळ कमी झाल्या होत्या, पण थांबल्या नव्हत्या. आदल्या दिवशी सकाळपासून देवीचे तोरण सुरू झाले. आंब्याची पाने, झेंडू, मधूनमधून भाताच्या लोंब्या. देवळाच्या दाराच्या मापाचे ते तोरण चटईवर मावेना म्हणून धाकटीच्या हातून पुढे सरकत सरकत अंगणात निघाले. सासूबाई शेजारी बसून तिला फुले निवडून देत होत्या. एवढे करून त्या माझे हारही कलू देत नव्हत्या. दुपारी मध्येच धाकटी थांबली, सुई खाली ठेवली, तोंडावर हात घेऊन उठली. सासूबाईंनी तोरणाचे टोक आपल्या हातात धरून ठेवले. दुसरे कोणी पुढे ओवायला बसेल असे मला वाटले होते. कोणी बसले नाही. ती परत आली, पदराने तोंड टिपले आणि सासूबाईंनी तिच्या हातात ते टोक दिले.

"आलं का सगळं बाहेर?" त्यांनी विचारले.

"आलं. पण आता भूक लागली."

"तोरण संपव. चटईवर खायचं नाय."

देवळात ते तोरण चढले तेव्हा पुजाऱ्यांनी विचारले, यंदा कोणी ओवले? सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडं सगळं मीच शिकवते." धाकटीने माझ्या दंडाला चिमटा काढला.

फाल्गुनात तिला मुलगी झाली. ती चार महिन्यांची असताना आम्ही पुन्हा त्या दंतवैद्य बाईंकडे गेलो: धाकटी, मी आणि बाळाला घेऊन सासूबाई. यावेळी त्या डॉक्टरणीला बघायला म्हणून स्वतःहून आल्या होत्या. डॉक्टरांनी दिवा लावला आणि दाताजवळ आरसा नेऊन बराच वेळ पाहिले. सासूबाई खुर्चीच्या इतक्या जवळ उभ्या होत्या की डॉक्टरांना कोपर हलवता येत नव्हते.

"पहिल्यांदा होतं तेवढंच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पुढे काहीच गेलेलं नाही. अगदी व्यवस्थित पाळलंत."

"पाळलं नाय, मी पाळून घेतलं," सासूबाई म्हणाल्या. "सोड्यात तुळशीचं पान घालायला सांगत जा लोकांना. तुमच्या ध्यानात नाय आलं." डॉक्टरांनी मान्य केले की त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

"मग मी आता काहीही खाऊ?" धाकटीने विचारले.

"हो. आंबट खाल्लंत तर नंतर चूळ भरा, आणि घासायची घाई करू नका. बाकी खा."

खाली रस्त्यावर पेरूची गाडी उभी होती. धाकटीने कडक, हिरवट असा एक पेरू निवडला. गाडीवाला चार फाकी करू लागला तर तिने त्याचा हात धरला. "कापू नका, दादा. तसाच द्या."

तिने तो पदराने पुसला आणि पुढच्या दातांनी, त्याच दोन दातांनी, कचकन मोठा घास तोडला. मी आणि सासूबाई तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. सासूबाईंच्या कडेवरचे बाळसुद्धा पाहत होते. धाकटीने डोळे मिटले नाहीत, गाल धरला नाही, कपाळाला आठी घातली नाही. ती चावत राहिली, आणि मग तिचे आमच्याकडे लक्ष गेले.

"काय बघताय दोघी अशा?" तोंड भरलेले असतानाच ती म्हणाली. "पाहिजे तर तुमचा घ्या. हा मी देणार नाय."